शेणखत घालूनही ज्वारी पिवळी पडते? आधी उकिरडा उकरून बघा

दिवाळी आली की हा प्रश्न ठरलेला. हस्तात पेरलेली ज्वारी छान उगवते, वीस-पंचवीस दिवस रान भरल्यासारखं दिसतं आणि महिना होता होता खालची पानं फिकी पडायला लागतात. आधी पानाचं टोक, मग मधल्या शिरेच्या कडेनं पिवळेपणा आत सरकतो. बांधापलीकडच्या ज्या रानात खताची एक पाटीसुद्धा पडलेली नाही, तिथली ज्वारी मात्र हिरवी. चार ट्रॉल्या शेणखत ओतलं आणि आपलंच पीक उपाशी कसं?

आमचं रान सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढ्याच्या शिवारात. काळं, भारी, हातभर खाली चुनखडी. दावणीला खिलार बैलजोडी, एक पंढरपुरी म्हैस, दोन संकरित गाई आणि त्यांची वासरं. म्हणजे खत विकत आणायची वेळ येत नाही. तरी सलग चार वर्षं आमची मालदांडी ज्वारी अशीच पिवळी पडत होती. पहिल्या वर्षी आम्ही बियाण्याला दोष दिला. दुसऱ्या वर्षी युरिया फेकला, पण वरची ओल उडालेली असल्यामुळं तो तसाच पडून राहिला. तिसऱ्या वर्षी तांबेरा समजून औषध मारलं. चौथ्या वर्षी कुळवाच्या पाळीला मी रानात होते. फासात सारखी कडब्याची धाटं अडकत होती, सहा महिने उकिरड्यात राहिलेली, अजून तुटता तुटत नव्हती. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की रोग रानात शोधण्याआधी उकिरड्यात शोधावा.

पण उकिरड्याकडं जाण्याआधी पिवळं नेमकं कुठलं आहे ते ओळखा, कारण तीन वेगवेगळ्या दुखण्यांना आपण एकच नाव देतो.

पिवळेपणा खालच्या, जुन्या पानांपासून सुरू झाला असेल आणि वरचा शेंडा त्यातल्या त्यात हिरवा असेल, तर नत्र कमी पडलंय. नत्र झाडात फिरतं, तुटवडा आला की झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं. उलट शेंड्याची नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, म्हणजे पानावर हिरव्या-पिवळ्या रेघा ओढल्यासारखं दिसत असेल, तर लोह कमी पडतंय. आपल्या चुनखडीच्या रानात लोह असतं, पण जमिनीचा सामू (पीएच) आठच्या वर गेला की ते मुळांना घेता येत नाही. तिसरं दुखणं म्हणजे झाड नुसतं पिवळं न पडता मलूल होतं आणि उपटलं तर सहज हातात येतं. तिथं मुळं बघा, मुळं खाणारी हुमणीची अळी किंवा वाळवी सापडेल. या तिसऱ्याचा संबंधही खताशीच आहे, त्यावर पुढं लिहिते.

आणखी एक खूण सांगते, कारण माझे डोळे तिनंच उघडले. पिवळ्या रानात मधे मधे दीड-दोन हाताचे गोल, काळपट हिरवे आणि गुडघाभर उंच ठिपके दिसतात का? ते ठिपके म्हणजे उन्हाळ्यात ट्रॉलीनं टाकलेले खताचे ढीग जिथं महिना-दोन महिने पडून होते त्या जागा. वळवाचा पाऊस ढिगावर पडला, विरघळणारं नत्र आणि पालाश धुऊन ढिगाच्या बुडाशी मुरलं. नंतर आपण रानभर पसरला तो धुतलेला चोथा. तुमच्या रानात असे ठिपके असतील तर खत बांधापर्यंत पोचलं, पण त्यातलं नत्र पिकापर्यंत पोचलं नाही, हे त्या ठिपक्यांनीच लिहून दिलंय असं समजा.

आता उकिरडा. वैशाखात एकदा खोरं घेऊन मधोमध उकरून बघा. मी उकरला तेव्हा वरचा हातभर थर पापडासारखा वाळलेला होता. त्याखाली कडबा जसाच्या तसा, धाटावरची पेरंसुद्धा मोजता येत होती. आणखी खाली राख शिंपडल्यासारखा पांढरा, कोरडा बुरशीचा थर. तो पांढरा थर म्हणजे ढीग आतून तापला, पण पाणी संपल्यामुळं कुजणं मधेच थांबलं. सोलापूरच्या हवेत उकिरडा कुजत नाही, वाळतो. वर्षाकाठी पाचशे ते सातशे मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि एप्रिल-मे महिन्यात पारा चाळीसच्या वर. उघड्यावर रोज एक-एक पाटी टाकून केलेल्या ढिगात ओल टिकणार कुठून?

त्यात उकिरड्यावर जातं काय तेही बघा. निम्मं शेण शेणीला जातं, अंगण सारवायला जातं. उरतं ते जनावरांनी टाकलेली चगळ, झाडलोट आणि चुलीची राख. म्हणजे आपण ज्याला शेणखत म्हणतो त्यात शेण कमी आणि कडबाच जास्त. कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण पंचवीस-तीस भाग कर्बामागं एक भाग नत्र लागतं. वाळल्या कडब्यात साठ-सत्तर भाग कर्बामागं एक भाग एवढंही नत्र नसतं. उकिरड्यात ओल नव्हती म्हणून ते काम थांबलं होतं. पेरणीच्या वेळी रानाला ओल मिळाली आणि कुजण्याचं काम तिथं सुरू झालं. जिवाणूंना कमी पडलेलं नत्र ते जमिनीतून ओढतात, नेमकं ज्वारीला हवं असतं त्याच महिन्यात. ते नत्र पुढं परत मिळतं हे खरं, पण बागायतात. आपल्या कोरडवाहू रानात दिवाळीनंतर वरचा थर वाळून जातो, कुजणं पुन्हा थांबतं आणि ज्वारी पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेतात येईपर्यंत ते नत्र अडकूनच पडतं. शिवाय अर्धवट कुजलेल्या खतानं माती पोकळ राहते, बी मातीला धरत नाही, आणि जी ओल आपण खरिपात रान पडीक ठेवून साठवली तीच उडते.

कोरड्या मातीतला असला अर्धकच्चा कडबा म्हणजे वाळवीला आमंत्रण. रानाच्या ज्या कडेला आम्ही जाडसर खत टाकायचो, तिथंच दरवर्षी वाळवी लागायची, आणि चार वर्षं आम्ही त्याचा दोष बांधावरच्या वारुळाला दिला.

ज्यांचं या वर्षीचं पीक आत्ता उभं आहे आणि पिवळं पडलंय, त्यांनी काय करावं? जमिनीवर युरिया फेकू नका, ओल नसेल तर तो वाया जाईल. दोन टक्के युरियाची फवारणी घ्या, म्हणजे दहा लिटरच्या पंपाला दोनशे ग्रॅम, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. कोळपणी चुकवू नका. तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपलं की भेगा बुजतात आणि खालची ओल राहते. विहिरीचं एखादं पाणी देता येत असेल तर युरियाचा हप्ता त्या पाण्याबरोबरच द्या. हिरव्या शिरांचं पिवळं असेल तर युरियाचा काही उपयोग नाही. तिथं अर्धा टक्का हिराकस (फेरस सल्फेट) आणि त्याच्या निम्मा विरी गेलेला चुना घालून केलेलं निवळ पाणी फवारायचं, दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. एवढ्यानं पीक सावरतं, पूर्ण भरून निघत नाही. खरी दुरुस्ती पुढच्या हंगामासाठी, आणि ती गोठ्यापासून सुरू होते.

गोठ्यात सगळ्यात मोठी गळती मुताची. जनावराच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा जवळपास निम्मा भाग मुतात असतो, पालाशाचा तर बहुतेक सगळा. शेणात राहतं ते मुख्यतः स्फुरद. आपण शेण पाटीत भरतो आणि मूत जमिनीत मुरू देतो. सकाळी गोठ्यात शिरल्यावर डोळ्यांना झोंबणारा जो वास येतो तो उडून चाललेल्या नत्राचाच. मी संध्याकाळी जनावरांखाली बारीक केलेली चगळ, उसाचं पाचट मिळालं तर ते, आणि काहीच नसेल तर कोरडी माती पसरते. सकाळी ते भिजलेलं अंथरूण शेणात कालवूनच बाहेर काढते. कडब्याला लागणारं नत्र त्याला तिथंच मिळतं, हा यातला मुख्य फायदा. अख्खं धाट मात्र टाकू नका. कडबाकुट्टी करून वैरण घातली तर चगळही बारीक राहते आणि दोन महिने लवकर कुजते.

राख उकिरड्यावर टाकायची नाही. आमच्या सासूबाईंना हे पटायला वेळ लागला, कारण त्यांच्या आईपासून राख उकिरड्यावरच जायची. राख अल्कधर्मी असते, ती शेणात मिसळली की नत्र वायू होऊन आणखी वेगानं उडतं. आपली जमीनही आधीच अल्कधर्मी, तिला राखेची गरज नाही. त्याऐवजी दर थरावर सिंगल सुपर फॉस्फेट टाकते, चार पाट्यांना एक मूठ. त्यात जिप्सम असतं, ते नत्र धरून ठेवतं, आणि स्फुरदही मिळतं.

मग खड्डा. कमी पावसाच्या भागात ढिगापेक्षा खड्डा बरा, कारण त्यात ओल टिकते. नाडेपच्या विटांच्या टाकीची चांगली माहिती सगळीकडं मिळते. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या पांढरीपांडे काकांची ही पद्धत, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. पण तिच्या भिंतीत हवेसाठी भोकं ठेवलेली असतात आणि आमच्याकडच्या उन्हाळी वाऱ्यात तिला वरचेवर पाणी मारावं लागतं. उन्हाळ्यात ज्या गावांना टँकर लागतो, तिथं टाकीला पाणी कुणी द्यायचं? म्हणून मी चराची पद्धत धरली. वीस फूट लांब, पाच फूट रुंद, तीन फूट खोल असे दोन चर. झाडाच्या सावलीला, पण पावसाचं पाणी आत शिरणार नाही अशा उंचवट्यावर.

चर एकदम भरायचा नाही. एका टोकाकडून तीन-चार फुटांचा कप्पा धरायचा, रोजचं शेण आणि भिजलेलं अंथरूण त्यातच टाकायचं. कप्पा जमिनीच्या दीड-दोन फूट वर आला की शेण-मातीच्या काल्यानं लिंपून टाकायचा आणि पुढचा कप्पा धरायचा. सगळ्यात महत्त्वाचं काम हे लिंपण्याचं. लिंपलं की आतली ओल आतच राहते, वास कमी होतो, माश्या कमी होतात. लिंपणाला भेग पडली तर त्याच दिवशी बुजवायची. लिंपण्याआधी मूठभर माल घेऊन पिळून बघते. बोटांच्या फटीत ओल दिसली पाहिजे, पण थेंब टपकता कामा नये. कोरडं वाटलं तर जनावरं धुतलेलं पाणी ओतते. चार ते पाच महिन्यांत कप्पा तयार होतो. म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी पेरायचं तर एप्रिलअखेरपर्यंत लिंपून झालेलाच माल त्या वर्षी रानात जाणार. नंतरचा माल दुसऱ्या चरात, तो पुढच्या वर्षाला. आमच्या घरात सगळ्यात जास्त वाद याच गोष्टीवरून झाला, कारण चर भरलेला दिसला की मालकांना तो रिकामा करायची घाई होते.

खत तयार झालं का हे रंगावरून ठरवू नका, वाळलेला उकिरडाही काळाच दिसतो. पहार मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढा. टोक गरम लागलं तर आत काम चालू आहे, अजून थांबा. दुसरी परीक्षा, मूठभर ओलं खत प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस सावलीत ठेवा. उघडल्यावर पावसाच्या मातीसारखा वास आला तर तयार, नाकात झणझणलं किंवा कुजका वास आला तर कच्चं. तिसरी परीक्षा ज्वारीच्या दाण्यांची. एका कुंडीत निम्मी माती निम्मं खत, दुसरीत नुसती माती, दोन्हीत वीस-वीस दाणे. खतातले दाणे मागं पडले तर ते खत रानात न्यायची वेळ झालेली नाही.

चर आतून नीट तापला तर गवताचं बी आणि गाजरगवताचं बीसुद्धा मरतं. मधला भाग पंचावन्न-साठ अंशांपर्यंत जातो, पण कडेचा माल तेवढा तापत नाही. म्हणून फुलावर आलेलं गाजरगवत चरात टाकतच नाही, फुलाआधी उपटलेलं चालतं.

हुमणीबद्दल जरा सविस्तर, कारण खतात पांढरी अळी दिसली की लोक घाबरून अख्ख्या ढिगावर औषध ओततात. उकिरड्यातली प्रत्येक जाड पांढरी अळी हुमणी नसते. अळी काढून सपाट जमिनीवर ठेवा. पाठीवर उताणी होऊन पाय वर करून सरपटत निघाली तर ती फुलभुंग्याची, तिला कुजका माल लागतो, पिकाच्या मुळांना ती धक्का लावत नाही. उलट ती खत बारीक करते, तिला राहू द्या. पायावर, कुशीवर वेडीवाकडी रांगत असेल तर सावध व्हा. पिकाचा शत्रू असलेल्या हुमणीचे भुंगे वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी जमिनीतून निघून कडुलिंबावर आणि बाभळीवर बसतात, पाला खातात आणि नंतर जमिनीत अंडी घालतात. शेणखताचा ओलावा आणि वास त्यांना आवडतो. त्या आठ-पंधरा दिवसांत रात्री फांद्या हलवून पडलेले भुंगे रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. सगळ्या वस्तीनं एकदम केलं तरच उपयोग होतो, एकट्यानं केलं तर शेजारच्या बाभळीवरचे येतातच. मेटारायझियम ही बुरशी कुजलेल्या खतात मिसळून दिली तर पुढच्या अळ्यांनाही आळा बसतो.

रानात नेताना एकच नियम पाळा. ज्या दिवशी नेलं त्याच दिवशी पसरायचं आणि त्याच दिवशी कुळवानं मातीआड करायचं. उन्हाळ्यात ढीग टाकून ठेवायची पद्धत सोडा. भाद्रपदात वाफसा असताना, पेरणीआधी पंधरा-वीस दिवस ही वेळ आम्हाला सोयीची पडली.

आणि एक हिशेब नीट समजून घ्या, नाहीतर चांगलं कुजलेलं खत घालूनही पुन्हा पिवळं पडेल. चांगल्या शेणखतात नत्र असतं अर्धा टक्का, म्हणजे टनाला पाच किलो. पहिल्या हंगामात त्यातलं साधारण तिसरा हिस्सा पिकाला मिळतं, बाकी पुढच्या वर्षांत. एकरी पाच टन घातलं तरी पहिल्या ज्वारीला आठेक किलो नत्र. युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या पोत्यात ते वीस किलोच्या वर असतं. ‘एवढं शेणखत घातलंय, आता पेरताना खत कशाला’ हे आमच्या घरात दरवर्षी ऐकू यायचं, आणि ते चुकीचं होतं. पेरणीबरोबरचा नत्राचा हप्ता बंद करू नका. शेणखताचं मोठं देणं वेगळं आहे. जमीन ओल धरते, भेगा कमी पडतात, पालाश मिळतं, जस्त-लोहासारखी द्रव्यं मुळांना घेता येतात. मातीपरीक्षणात सेंद्रिय कर्बाचा आकडा दोन-तीन वर्षांनी बघत गेलात तर ते दिसेल. मोहोळ आणि केगाव इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत, तिथं चौकशी करा. नमुना मात्र ढिगाच्या जागेवरचा घेऊ नका.

ज्यांच्याकडं जनावरं कमी आहेत त्यांनी उन्हाळ्यात मेंढरं बसवावीत. धनगरांचा कळप रात्रभर रानात बसला की लेंड्या आणि मूत दोन्ही जागेवर पडतं, त्यात कडबा नसल्यामुळं नत्र अडकत नाही. लेंडीखत शेणखतापेक्षा जोरकस असतं. सकाळी मेंढरं उठली की हलका कुळव फिरवा, उन्हात उघडं ठेवू नका.

माळशिरस, सांगोल्याकडच्या दूधवाल्यांचं दुखणं अगदी उलटं. माझं माहेर त्या बाजूला आहे. वीस-पंचवीस संकरित गाई, गोठा धुतलेलं पाणी पाटानं सरळ जवळच्या एकरात, वर्षानुवर्षं तिथंच. तिथला ऊस लोळतो, साखर कमी भरते, आणि जमिनीत क्षार नि स्फुरद साठून नवी पानं पिवळी पडतात. डाळिंबाला दरवर्षी कोंबडीखत घालणाऱ्यांकडंही मी हेच बघितलंय. कोंबडीखतात नत्र आणि स्फुरद दोन्ही शेणखताच्या कितीतरी पट असतं, आणि स्फुरद साचलं की जस्त-लोह झाडाला मिळेनासं होतं. तिथं आणखी खत घालणं हा उपाय नाही. खत लांबच्या, कधी न मिळालेल्या रानात न्या, गोठ्याचं पाणी पाळीपाळीनं वेगळ्या वाफ्यात सोडा. जागा असेल तर मुक्त गोठा करा, म्हणजे जनावरं न बांधता कुंपणात मोकळी ठेवा, त्यात मूत आणि शेण वाळल्या मातीत मुरतं आणि लांब वाहून न्यायला हलकं पडतं. गोठ्याच्या खालच्या अंगाला प्यायच्या पाण्याची विहीर किंवा बोअर असेल तर नायट्रेट तपासून घ्या. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी लहान बाळाच्या दुधात घालू नका. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं.

आमच्याकडं चर सुरू करून हे तिसरं वर्ष. मधलं सगळं रान यंदा दिवाळीला हिरवं होतं. पश्चिमेची सात-आठ गुंठ्यांची पट्टी अजून पिवळी पडते, पण आता ते पिवळं शेंड्याचं आहे, शिरा हिरव्या. तिथं चुनखडी अगदी वर आलेली आहे. नुसती हिराकस त्या मातीत टाकली तर ती तिथंच बांधली जाते. म्हणून पुढच्या भाद्रपदात एका भाग हिराकशीला दहा भाग मुरलेलं खत कालवून, ओलं करून, पोत्याखाली वीस दिवस झाकून ठेवणार आहे आणि पेरताना ते त्या पट्टीच्या काकरीत देणार आहे.